पीच संध्याकाळपर्यंत राहतो, हे मी अजूनही म्हणेन

नाशपती, जाई आणि पीचचा वास असलेल्या एका परफ्यूमबद्दल मी पोस्ट लिहिली होती, आणि तो माझ्या हातावर सात तास टिकतो असं त्यात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागावला आहात, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं असं: फळांचे वास सगळ्यात आधी उडतात, मग संध्याकाळी मनगटावर पीचचा वास आला असं मी लिहिलंच कसं? आणि तुमच्या हातावर तर तासाभरात सगळंच संपलं, तेव्हा माझे 'सात तास' म्हणजे निव्वळ जाहिरात.

आधी पीचचं. 'फळं' म्हणून आपण सगळ्यांची एकच मोट बांधतो, तिथे घोटाळा होतो. या परफ्यूमच्या सुरुवातीला नाशपतीचा, जरासा केळ्याकडे झुकणारा जो रसाळ वास येतो, तसे वास एस्टर नावाच्या हलक्या, फळांसारख्या वासाच्या रसायनांचे असतात. त्यातलंच आयसोअमाइल अ‍ॅसिटेट घ्या, रेणुभार (म्हणजे रेणूचं वजन; जड रेणू सहसा सावकाश उडतात) 130. अंगाच्या उबेने असे रेणू बघता बघता निघून जातात. पीचचा वास देणारा नेहमीचा पदार्थ म्हणजे गॅमा-अनडेकालॅक्टोन. त्याचा रेणुभार 184, आणि त्याला कसलीच घाई नसते. गेर्लां या फ्रेंच कंपनीच्या 1919 सालच्या 'मित्सुको' परफ्यूममध्ये हाच पीच ओकमॉसच्या (ओकच्या झाडावर वाढणाऱ्या दगडफुलाच्या) गडद वासाला बिलगून बसलेला असतो. तेव्हा नाशपती आधी जाते हे खरं, पण तिच्याबरोबर पीचही जायलाच हवा असं नाही.

माझ्या हातावर काय झालं ते पुन्हा सांगते, कारण पोस्टमध्ये मी ते दोन ओळींत उरकलं होतं. पहिली पाच-सात मिनिटं नाशपती, नुकती चिरल्यासारखी ओली. वीसेक मिनिटांनी जाई वर आली, आणि तिच्या मागोमाग इंडोलची (जाईच्या फुलात असणाऱ्या एका रसायनाची) ती किंचित उग्र छटा, पूर्ण उमललेल्या फुलात नाक खुपसल्यावर येते तशी. या वेळी पीच फळासारखा वाटतच नाही. त्याचा गोडवा मागे सरतो आणि उरते ती सालीवरची लव, सायीसारखी मऊ. जाईचा उग्रपणा तीच सांभाळून घेते. मला हा परफ्यूम आवडतो तो या तासासाठी. सुरुवातीचा गोडवा मलाही जास्तच वाटतो, त्यात आपलं एकमत आहे.

आता तासाभरात संपण्याचं. तुम्ही लिहिलंय की फवारून दोन्ही मनगटं एकमेकांवर घासली आणि मग दर थोड्या वेळाने हुंगत राहिलात. घासल्याने रेणू मोडत नाहीत, तसं सर्रास सांगतात ते चूक आहे. पण ऊब वाढते आणि हलका भाग लवकर उडतो. त्याहून मोठी अडचण सतत हुंगण्याची. तोच वास पुन्हा पुन्हा घेतला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. शिवाय तळाला कस्तुरी आहे, आणि कृत्रिम कस्तुरीचे काही प्रकार काही लोकांना जवळजवळ येतच नाहीत. गॅलॅक्सोलाइडसारखा रेणू (रेणुभार 258) कातडीवर तासन्‌तास असतो, तरी एखाद्याच्या नाकाला तिथे काहीच नसतं. एकदा मनगट सोडून बाहीवर फवारून पाहा. दोन तास तिकडे नाक नेऊ नका, मोकळ्या हवेत फिरून या, मग हुंगा. तेव्हाही काही आलं नाही, तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. तुमची त्वचा कोरडी आहे, आणि कोरड्या त्वचेवर सुगंध कमी टिकतो. मी लावण्याआधी बिनवासाचं मॉइश्चरायझर चोपडते, आणि नेमकं हेच पोस्टमध्ये लिहायचं राहिलं होतं. ते न सांगता 'सात तास टिकतो' असं ठोकून देणं चुकलंच. ते वाक्य आता बदललं आहे: 'मॉइश्चरायझरवर, माझ्या हातावर, सात तास.' बाहीवर काय झालं ते जरूर कळवा. नाही टिकला तर तेही पोस्टमध्ये घालीन.