लोहगावचे मालक आणि भाडेकरू

पुण्याच्या लोहगाव विमानतळाजवळ, टिंगरेनगरच्या आमच्या कट्ट्यावर एक नियम आहे: हवाईदलाचं लढाऊ विमान सुखोई आलं की गप्प बसायचं. बसावंच लागतं, समोरच्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. काल मिल्या नेमका तावात आलेला असताना लागोपाठ दोन गेली.

आवाज विरला तसं त्याने तुटलेलं वाक्य पुढे ओढलं. "...म्हणजे एवढं मोठं शहर, आणि विमान कधी उडवायचं ते हवाईदलाला विचारून?"

"मग कुणाला विचारणार?" अण्णा म्हणाले. "धावपट्टी त्यांची, विमानांना वाट दाखवणारं एटीसी त्यांचं. आपण वाड्यातले भाडेकरू."

"भाडेकरू कसले? 2024 मध्ये नवं टर्मिनल नाही का सुरू झालं?"

"पोटमाळा काढला म्हणून वाडा भाडेकरूचा होतो का रे?"

हा प्रश्न पुण्यात विचारू नये. पागडीच्या खोलीत वाढलेला सुहास लगेच म्हणाला, "होतो कधी कधी."

अण्णांनी तिकडे काणाडोळा करून थेट 1939 गाठलं. ब्रिटिशांनी लोहगावला तळ उभारला तो मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी, पुणेकरांना दिल्लीला पोचवायला नव्हे. महायुद्धात इथे वेलिंग्टन आणि मॉस्किटो बॉम्बर होते. "मॉस्किटो म्हणजे लाकडी विमान. प्लायवूडचं!" म्हणत त्यांनी चहाच्या टपरीची फळी टकटक वाजवून दाखवली. टपरीवाल्याने वळून पाहिलं. 1947 मध्ये तळ भारतीय हवाईदलाकडे आला. सुखोई-30 पहिल्यांदा दाखल झालं तेही इथेच, 1997 मध्ये. त्याची सुधारित आवृत्ती एमकेआय 2002 मध्ये. राष्ट्रपती असताना प्रतिभाताई पाटील वयाच्या 74व्या वर्षी सुखोईत बसल्या, त्याही इथूनच उडाल्या.

मला विचाराल तर मिल्याची तक्रार अगदीच खोटी नाही. प्रवासी विमानांना धावपट्टी एकच, जेमतेम अडीच किलोमीटरची. ऑक्टोबर 2021 मध्ये तिच्या कामासाठी 14 दिवस उड्डाणं बंद होती, तेव्हा विमान पकडायचं तर मुंबई गाठावी लागे. दुसरा मार्ग पुरंदरच्या नियोजित विमानतळाचा. पण पुरंदरचं नाव निघालं की कट्टा तासभर उठत नाही.

म्हणून सुहासने विषय वळवला. "विमानतळाला नाव तरी आपलं देतायत ना, तुकोबांचं?" राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये तो प्रस्ताव मंजूर केला, लोहगाव हे तुकाराम महाराजांचं आजोळ.

"आजोळ ना?" अण्णा हसले. "आजोळी माणूस पाहुणाच की!"

मिल्याने यावर काहीतरी जोरदार उत्तर दिलं असावं. ओठ हलताना दिसले. तिसरं सुखोई आलं होतं.