गल्ला म्हणजे कौल नव्हे

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखाद्या राजकीय चित्रपटावरून वाद पेटला की तो शेवटी कमाईच्या आकड्यापाशी येऊन थांबतो. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारा माझा आतेभाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, लिहितो, ‘अडीचशे कोटी झाले. जनता काय म्हणतेय ते कळलं ना आता?’ दुसरा एखादा चित्रपट आपटला की पुण्याची मावसबहीण तेच हत्यार उलट बाजूने वापरते, ‘बघ, लोकांनी नाकारला.’ यापुढे कोणी काही बोलत नाही, कारण आकड्याशी कोण भांडणार? मी न्यू जर्सीत बसून हे वाचतो. दोघंही माझ्या जिवाभावाची आहेत, आणि या बाबतीत मला दोघांचंही म्हणणं पटत नाही.

याचा पुरावा बडोद्यातच आहे. २०१४ च्या लोकसभेला बडोद्याने नरेंद्र मोदींना ५,७०,१२८ मतांच्या आघाडीने निवडून दिलं. पुढे त्यांनी वाराणसी ठेवली आणि बडोद्याची जागा सोडली, पण त्या आकड्याचा अभिमान आमच्या गल्लीत अजून आहे. २०१९ मध्ये त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला. निवडणूक आयोगाने मतदान संपेपर्यंत तो रोखला, आणि निकाल २३ मेला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी, २४ मेला, तो लागला. भाजपला ३०३ जागा मिळाल्या होत्या, पेढे वाटून व्हायचे होते. चित्रपटाला याहून चांगला मुहूर्त मिळणार नव्हता. तरी त्याची देशातली कमाई पंचवीस कोटींच्या आसपासच थांबली. त्या निवडणुकीत भाजपला जवळपास २३ कोटी मतं पडली होती. गल्ला म्हणजे कौल असेल तर ही २३ कोटी माणसं एका रात्रीत कुठे गेली? ती कुठेच गेली नव्हती. त्यांना नेता हवा होता, चित्रपट नको होता. कंगना राणावत यांचंही तसंच झालं. जून २०२४ मध्ये मंडीच्या मतदारांनी त्यांना खासदार केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा आणीबाणीवरचा चित्रपट चालला नाही.

उलट बाजूचा हिशेबही करून पाहू. एखाद्या चित्रपटाने देशात अडीचशे कोटी कमावले आणि तिकीट सरासरी दीडशे-दोनशे रुपयांचं धरलं, तर तिकिटं होतात दीड कोटीच्या आगेमागे. त्यात दोनदा पाहणारे आले, शाळांच्या सहली आल्या, कोणीतरी अख्खा शो बुक करून फुकट नेलेली मंडळी आली. २०२४ ला देशात मतदार होते जवळपास ९७ कोटी. म्हणजे शंभरातल्या दीड-दोन माणसांनी पाहिलेल्या गोष्टीला आपण ‘जनता’ म्हणतोय.

पण ही बेरीज-वजाबाकी मला तितकी बोचत नाही. बोचतं ते २००२ च्या बाबतीत.

२७ फेब्रुवारी २००२ ला गोध्र्याला साबरमती एक्सप्रेसचा एस-६ डबा जळाला, ५९ माणसं गेली. गोध्रा बडोद्याहून गाडीने तासा-दीड तासावर. १ मार्चच्या रात्री खुद्द बडोद्यात, हनुमान टेकरीच्या बेस्ट बेकरीत १४ माणसं मारली गेली. त्या दिवसांवर पुढे चित्रपट निघाले. ‘परझानिया’ हा अहमदाबादच्या गुलबर्ग सोसायटीत मुलगा हरवलेल्या पारशी कुटुंबाची कहाणी सांगतो. २००७ मध्ये गुजरातेतल्या थिएटरवाल्यांनी तो लावायला नकार दिला. ‘द साबरमती रिपोर्ट’ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, गोध्र्याच्या डब्याबद्दल. तो गुजरात आणि मध्य प्रदेशात टॅक्स फ्री झाला, पंतप्रधानांनी संसदेच्या आवारात पाहिला, तरी कमाई बेताचीच राहिली.

आता या दोन आकड्यांवरून बडोद्याचं मत सांगा. पहिल्याचा गुजरातेतला आकडा जवळजवळ शून्य. म्हणून बडोदेकरांना त्या पारशी आई-बापांबद्दल काही वाटत नव्हतं, असं म्हणायचं? त्यांना पाहायलाच मिळाला नाही. दुसऱ्याचा आकडा लहान. म्हणून डब्यात जळालेल्या माणसांचं बडोद्याला दुःख नाही? असं म्हणणाऱ्याने एकदा प्रतापनगरच्या रेल्वे वसाहतीत जाऊन यावं. माझे मामा रेल्वेतूनच निवृत्त झाले. त्यांनी तो चित्रपट पाहिला नाही. मी फोनवर कारण विचारलं तर म्हणाले, “ते दिवस बघितलेत रे मी. आता पैसे देऊन परत कशाला बघू?” आमच्या मावशीने पाहिला, कारण सोसायटीतल्या सगळ्यांसाठी कोणीतरी तिकिटं आणून दिली होती आणि शेजारणी निघाल्या होत्या. मावशीचं तिकीट कमाईत धरलं गेलं. मामांच्या मनातलं कोणत्याच खात्यात धरलं गेलं नाही, आणि त्या घटनेबद्दल ज्याचं मत ऐकायला हवं असा आमच्या घरात तोच एक माणूस आहे.

गुजरातेत तर न लागलेल्या चित्रपटांची परंपराच आहे. २००६ मध्ये आमिर खान नर्मदेच्या धरणग्रस्तांच्या बाजूने बोलला म्हणून त्याचा ‘फना’ लागला नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी करूनही ‘पद्मावत’ मल्टिप्लेक्सवाल्यांनी भीतीपोटी लावला नाही. दुसरीकडे सरकारचा आशीर्वाद असला की दरवाजे आपोआप उघडतात. टॅक्स फ्रीमुळे तिकीट फार स्वस्त होतं असंही नाही. राज्य फक्त आपल्या वाट्याचा जीएसटी सोडतं, म्हणजे शंभर रुपयांवरच्या तिकिटाला अठरातले नऊ टक्के. खरा जोर असतो तो घोषणेचा. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये ‘द काश्मीर फाइल्स’ पाहायला पोलिसांना रजा देण्याची घोषणा झाली होती. सरकारच रजा देऊन पाठवणार असेल, तर त्या गर्दीतून लोकांचं स्वतःचं मत वेगळं कसं काढायचं?

आता माझ्यासारख्यांबद्दल. इथे हिंदी चित्रपटाचं तिकीट पंधरा डॉलरच्या आसपास पडतं, म्हणजे साडेबाराशे रुपयांच्या वर. बडोद्यात त्या पैशांत आठ जण चित्रपट पाहतात. पण ‘जगभरातली कमाई’ म्हणून जो आकडा दादा ग्रुपवर टाकतो, त्यात माझं एक तिकीट त्या आठांच्या बरोबरीने बसलेलं असतं. आमच्यातल्या कित्येकांकडे आता अमेरिकन पासपोर्ट आहे, त्यांना भारतात मतच नाही. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनाही मतदानासाठी स्वतः गावी जावं लागतं. २०२४ ला परदेशस्थ मतदारांची नोंद १.१९ लाखाच्या घरात होती, आणि प्रत्यक्ष येऊन मत दिलं तीन हजारांहून कमी जणांनी. मतपेटीत आम्ही जवळजवळ नाही आणि गल्ल्यात मात्र आठपट आहोत. दादाने आमच्या डॉलरना बडोद्याच्या जनतेचा आवाज समजावं, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. भाजी महाग झाल्याची, पाणी तुंबल्याची, पोराला नोकरी नसल्याची झळ मला लागत नाही. माझ्या तिकिटामागे घरची ओढ असते, शनिवारची मोकळी संध्याकाळ असते, आणि मुलांच्या कानावर हिंदी पडावी ही इच्छा असते.

अमेरिकेनेही हा भ्रम भोगला आहे. २००४ च्या जूनमध्ये मायकल मूरचा ‘फॅरेनहाइट ९/११’ आला. जॉर्ज बुश पुन्हा निवडून येऊ नयेत, हा त्याचा उघड हेतू होता. पहिल्या आठवड्याअखेरीस तो अव्वल होता, आणि अमेरिकेत त्याने ११ कोटी ९० लाख डॉलर कमावले. माहितीपटासाठी तो विक्रम होता. नोव्हेंबरमध्ये बुश ६.२ कोटी मतं घेऊन जिंकले. मूरची तिकिटं दोन कोटीच्या आतच होती, आणि ती काढणाऱ्यांपैकी बहुतेकांचं मत आधीच ठरलेलं असणार. २०२३ मध्ये मुलांच्या तस्करीवरच्या ‘साउंड ऑफ फ्रीडम’ने इथे १८ कोटी डॉलरच्या वर मजल मारली. त्याच्या वितरकांनी तर अनोळखी माणसासाठी तिकीट विकत घेण्याची सोयच करून दिली होती.

यशस्वी चित्रपट काहीच सांगत नाही, असं मी म्हणत नाही. ‘द काश्मीर फाइल्स’ची पहिल्या दिवसाची कमाई लहान होती, नंतर ती दिवसागणिक चढत गेली. ती चढण नुसत्या सरकारी घोषणेने येत नाही. १९९० मध्ये घरं सोडावी लागलेल्या पंडितांची व्यथा ऐकायला लोक आसुसले होते, एवढं त्यातून नक्की कळतं. ‘छावा’ पाहून बडोद्यातली आमची मराठी घरं रडली, मीही इथे रडलो. पण रडलेल्या माणसाला पुढे काय व्हावंसं वाटतं, हे त्या रडण्यात नसतं. मार्च २०२५ मध्ये नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल झाली, आणि चित्रपटामुळे लोकांच्या भावना पेटल्या असं मुख्यमंत्री फडणवीसांनी विधानसभेत सांगितलं. त्याच महिन्यात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी माणसं रात्री शेतं खणत होती, कारण पडद्यावर मुघलांचा खजिना दिसला होता. चित्रपट एकच. कोणी दगड उचलला, कोणी फावडं, आणि बहुतेक जण डोळे पुसून घरी जाऊन जेवले. कोट्यवधी तिकिटांपैकी या तिघांत कोण किती, हे कमाईतून कसं कळणार?

निदान हिशेब तरी माणसांचा करा. दक्षिण कोरियात सरकारी चित्रपट परिषद देशभरच्या तिकिटांची संगणकावर नोंद ठेवते आणि किती प्रेक्षक आले ते जाहीर करते. फ्रान्समध्येही तिकिटं मोजतात. भारतात कोटी मोजतात, आणि तेही बहुतेकदा निर्माता सांगेल ते. शहरवार तिकिटं जाहीर झाली, अख्खे बुक झालेले शो आणि परदेशातली विक्री वेगळी दाखवली, तर बडोद्यात खरोखर किती जणांनी स्वतःच्या पैशांनी काय पाहिलं ते तरी समजेल. त्यांना काय वाटलं हे विचारायचं काम त्यानंतरही उरेलच. दादाला मी तेवढंच लिहिलंय: आकडा नको, तू पाहिलास ना, मग तुला काय वाटलं ते सांग. आणि दिवाळीला मामांकडे जाशील तेव्हा त्यांनाही विचार, आणि ते बोलतील तेवढा वेळ मध्ये बोलू नकोस.