हॉलमध्ये सिंहाला मनाई

काल सकाळी लिफ्टशेजारच्या फलकावर नवी सूचना लागली : ‘सोसायटीच्या हॉलमध्ये कोणत्याही प्राण्याचा आवाज काढण्यास सक्त मनाई आहे. संदर्भ : बी-३०४.’ बी-३०४ म्हणजे आम्ही. वर मेन्टेनन्स थकवणाऱ्यांची यादी, खाली टाकी धुण्याची सूचना, मध्ये आम्ही. थकबाकीदारांची निदान रक्कम तरी लिहिलीय. आमचा गुन्हा काय, ते कुठेच नाही. त्यामुळे दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे विचारतायत, “वहिनी, कुत्रा पाळलात का?”

कुत्रा नाही पाळला. मुलाला योगासनांना घातलं.

संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये २१ जून हा योग दिवस ठरवला आणि २०१५ पासून दर जूनमध्ये तमाम शाळांना एकदम आत्मशांती आठवू लागली. आमच्या बालवाडीच्या ग्रुपवर निरोप आला : चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी योग आणि माइंडफुलनेस (म्हणजे जे करतोय त्याकडेच पूर्ण लक्ष), शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. जागा आमच्याच सोसायटीचा हॉल. हॉल फक्त सभासदालाच मिळतो, म्हणून अर्जावर सही माझी आणि दोन हजारांचं डिपॉझिटही माझंच.

शिकवणारी ताई खरंच चांगली होती. लहान मुलांना श्वास रोखून धरायला लावायचं नाही, हे तिने आल्या आल्या पालकांना बजावलं. घेरंडसंहिता या योगाच्या जुन्या ग्रंथात ३२ आसनं आहेत आणि त्यांत मासा, कासव, कोंबडा, मोर, बेडूक, उंट, मगर, साप असा सगळा राणीचा बाग भरलाय, त्यामुळे पोरं खूश. पंचाईत झाली ती मनुक्यापाशी. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत दुखण्यांनी आणि ताणाने गांजलेल्या मोठ्या माणसांसाठी जे वर्ग सुरू केले, त्यातला हा प्रकार. एकच मनुका घ्यायचा, निरखायचा, हुंगायचा, कानाशी धरून ऐकायचा आणि मग सावकाश चावायचा. आमच्या चिरंजीवांनी आपला मनुका गिळला आणि शेजारची मुलगी तिचा मनुका डोळे मिटून ऐकत होती, तो तिच्या कानापासून काढून खाल्ला. वर्तमान क्षणात जगणं याहून वेगळं काय असतं, मला माहीत नाही. मुलीने मात्र भोकाड पसरलं.

ते शांत करायला ताईने भ्रामरी घेतली. कानात बोटं घालून सगळी पोरं गुणगुणायला लागली. आणि दार उघडून सेक्रेटरीकाका आले. बर्म्युडा, बनियन, काखेत फाइल.

“हा आवाज कसला?”

“भ्रामरी आहे काका,” ताई म्हणाली.

काकांनी फाइल उघडली. “अर्जात ‘योग’ लिहिलंय. भ्रामरी लिहिलेलं नाही.”

“भ्रामरी योगातच येते.”

“योगात येत असेल. अर्जात येत नाही.” मग माझ्याकडे वळून, “वहिनी, मला वाटलं पंप बिघडला. मी प्लंबरला बोलावून घेतलं. त्याचे दोनशे कोण देणार?”

प्लंबर खरंच त्यांच्या मागे उभा होता. हातात पाना, चेहऱ्यावर संपूर्ण माइंडफुलनेस.

“पुढे आणखी कसले कसले आवाज आहेत?” काकांनी खुर्ची ओढली. “सांगा, लिहून घेतो.”

ताई बिचारी वयाने लहान, सांगू लागली. मांजर. “मांजर चालेल. सोसायटीत आधीच सहा आहेत.” साप. “फुसफुस किती वेळ? बरं. हरकत नाही.” बेडूक. “बेडकाला पावसाळ्यात परवानगी द्यायला हवी.” हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले. मग सिंह.

“सिंह नाही,” काका म्हणाले. “दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना बीपी आहे.”

“तीनच गर्जना आहेत काका.”

“एकही नाही. कमिटीसमोर अर्ज टाका, पुढच्या मीटिंगमध्ये सिंहाचा विषय घेऊ.”

ताईने तोडगा काढला. सिंहासन करायचं, पण आवाज न करता. हॉलमधली सगळी मुलं वज्रासनात बसली, हात गुडघ्यांवर, बोटं फाकलेली. ताई म्हणाली, “आता डोळे मोठे करा आणि जीभ पूर्ण बाहेर काढा.” मुलांच्या समोर, खुर्चीवर, काका बसले होते.

एवढ्या जिभा एकदम आपल्या दिशेने बाहेर आलेल्या बघून कुणाचाही योगावरचा विश्वास उडेल. काका उठले. “हे काय शिकवताय? मोठ्यांना वेडावून दाखवायला?” आणि नेमक्या त्या क्षणी पहिल्या रांगेतून आमचा गरजला. मी आई आहे म्हणून सांगत नाही, पण गर्जना उत्तम होती. पोटातून आली होती.

मग शवासन झालं. “मेल्यावर नाकाला खाज आली तर खाजवायचं का?” या चिरंजीवांच्या प्रश्नावर ताईने वर्ग आटोपता घेतला.

मला राग सूचनेचा नाही. म्हणजे आहेच. पण गणपतीत दहा दिवस याच हॉलच्या भिंतीला स्पीकर टेकवून ठेवतात, तेव्हा अर्जात कुठल्या गाण्याचा उल्लेख असतो? मागे मोकळी जागा होती, तिथे पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग केलं. क्रिकेटला मनाई, सायकलला मनाई, लपाछपीत गाड्यांना ओरखडे पडतात म्हणून तीही बंद. पोरांनी दिवसभर बाकावर बसायचं, घरी येऊन सोफ्यावर बसायचं आणि मग मन चंचल झालं म्हणून आपण पैसे भरून त्यांना चटईवर बसवायचं. पळून दमलेल्या पोराला श्वासाकडे लक्ष दे म्हणून सांगावं लागत नाही, छाती धपापते तेव्हा ते आपोआप जातं. हे मी काकांना बोलले. ते म्हणाले, “लेखी द्या.”

आज खजिनदारांकडे डिपॉझिट मागायला गेले. त्यांनी अठराशे हातावर ठेवले आणि पावती फाडली : ‘भ्रामरीमुळे प्लंबर, रु. २००.’ सही, शिक्का, तारीख. प्लंबरला विचारलं, त्याला शंभरच मिळालेत. पावती जपून ठेवलीय. वार्षिक सभेत विषय काढणार आहे.