मावशी, तो मेसेज दादानेही वाचला

काल मावशीने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: सुटलेल्या कैद्यांनीच म्हणे सुटलेल्या कैद्यांना सावरायचं, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! खाली तीन मुद्दे आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. त्याच ग्रुपवर आमचा दादा आहे. चौदा महिने आत काढून निर्दोष सुटलेला.

‘आत गेला म्हणजे काहीतरी केलंच असणार.’ राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा बघ. 2022 अखेर देशभरच्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यातले 4,34,302 कच्चे कैदी. 100 पैकी जवळपास 76 जणांवर गुन्हा सिद्धच झालेला नव्हता.

‘आपल्या करातून पोसायचे.’ कोणती योजना, किती पैसे, काही पत्ता नाही. सोडून देते.

‘असे चार जण एकत्र आले की टोळीच होणार.’ सगळं विष यात आहे. सॅन फ्रान्सिस्कोत 1971 साली असेच चार जण एकत्र आले, हजार डॉलरच्या कर्जावर. त्यातून डिलॅन्सी स्ट्रीट ही संस्था उभी राहिली. तिथे तुरुंगातून आलेले, नशेतून उठलेले लोक किमान दोन वर्षं राहतात आणि जुना नव्याला शिकवतो. हाणामारी सोडा, नुसती धमकी दिली तरी बाहेर. समुद्रकाठची आपली वसाहत त्यांनी स्वतः खपून बांधली. त्यांचा एक धंदा कोणता, तर घरसामान हलवण्याचा. लोक आपली कपाटं, पेट्या या ‘चोरां’च्या हाती देतात, मावशी.

आता जुनी संगत माणसाला परत खड्ड्यात ओढते, हे खरं आहे. तिथेही सगळे टिकत नाहीत. पण पहिल्यांदा आत गेलेल्या पोराला सराईतांच्या बरॅकीत कोंबतं कोण?

दादा सुटून आला तेव्हा पहिले काही दिवस दाराशी नुसता उभा राहायचा. कडी आतूनच होती. कुणीतरी उघडेल म्हणून थांबायचा. आम्ही घाबरून गप्प. त्याच्या बरॅकीतला, दोन वर्षं आधी सुटलेला एक जण भेटायला आला, त्याने बघितलं आणि म्हणाला, “माझं पण व्हायचं. तूच उघड.” मग त्यानेच दादाला नवीन सिमकार्ड घेऊन दिलं, आधारच्या रांगेत सोबत उभा राहिला, आणि ‘इतके दिवस कुठे होतात?’ असं मालकाने विचारलं तर काय सांगायचं, ते चहा पिता पिता दोनदा म्हणून घेतलं. आपल्यापैकी कुणाला हे सुचलं होतं?

मेसेज डिलीट कर. दादाने वाचलाय, तरी कर.