पांढरं पडलेलं रान आणि रात्रीची लाइट

आमच्या मळ्याच्या खालच्या अंगाला दीड एकराचा एक तुकडा आहे. आण्णांच्या उमेदीच्या काळात तिथं आडसाली (पावसाळ्यात लावून दीड वर्षाने तुटणारा) ऊस एकरी साठ टनांच्या खाली कधी आला नाही. मी कॉलेजात असताना तो चाळिसावर आला, आणि गेल्या साली खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक, बावीस टनांवर थांबला. एप्रिलमध्ये त्या रानात गेलं की कुणी मीठ शिंपडून गेल्यासारखं वाटतं. वाळलेलं ढेकूळ फोडायला टिकाव लागतो आणि वळवाचे चार थेंब पडले की तीच माती चपलेला धरून बसते. चोपण झालंय रान. जोमात आहे ती फक्त बांधावरची वेडी बाभूळ.

आम्ही काय केलं नाही? टनेज घटलं म्हणून खताचा डोस वाढवला. उगवण विरळ झाली म्हणून बेणं बदललं. माती तपासून आणली, जिप्सम टाकलं, ताग गाडला. ऊस पिवळा दिसला की पाणी कमी पडलं असं समजून आणखी एक पाळी दिली. हा शेवटचा उपाय सगळ्यात घातक होता, हे कळायला आम्हाला वीस वर्षं लागली.

गेल्या मे महिन्यात जेसीबी शेजारी आला होता, म्हणून त्या तुकड्यात एक खड्डा काढून घेतला. तीन फुटांवर पाणी. भर मे महिन्यात! आण्णा काठावर बसले, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आपणच ओतलेलं पाणी हाय."

खरं होतं ते. काळ्या मातीत पाणी मुरतं सावकाश आणि निचरतं त्याहून सावकाश. वरून देत राहिलं की खालची पातळी चढत जाते. मुळांपाशी आली की उन्हाने पाणी वर ओढलं जातं, वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतात. तो पांढरा थर म्हणजे वर्षानुवर्षांचा हिशेब आहे.

पण आपण इतकं पाणी का दिलं, हा प्रश्न मला सोडेना. आळस? हाव? आण्णा दोन्हींतले नाहीत. शेतीची लाइट आठवडा आठवड्याने पालटते, एक पाळी दिवसा आणि एक रात्री. रात्री सऱ्यांना पाण्याची दारं धरायला जायचं तर साप आहे, आता बिबट्याही आहे. साठी उलटलेल्या माणसाने अंधारात सरीसरीने दारं मोडायची कशी? मग लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो लावायचा, पाणी मोकळं सोडायचं आणि झोपायचं. पहाटे खालचा तुकडा तळ्यासारखा भरलेला असायचा. पाणीपट्टी एकरावर, म्हणजे दोन तास चालवलं काय नि दहा तास काय, आकार तोच. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. आणि ऊस सोडून दुसरं लावावं, तर कायद्याने भाव बांधलेलं आणि तुटल्यावर उचलून नेण्याची व्यवस्था असलेलं दुसरं पीक आम्हाला दाखवा. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने बांधून दिलेला किमान भाव, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3550 रुपये ठरली. टोमॅटोला असा आधार कुणी दिलाय?

म्हणजे माझ्या रानातलं मीठ विजेच्या वेळापत्रकातून आलं, पाणीपट्टीच्या पद्धतीतून आलं, उसाच्या भावातून आलं. ही तिन्ही खाती वेगळी, आणि मातीची तपासणी करणारं चौथंच. प्रत्येक जण आपापल्या टेबलापुरतं बरोबर काम करतो आणि जमीन मात्र मरते.

सिस्टिम थिंकिंग म्हणतात ते हेच. एकेक दोष वेगळा काढून दुरुस्त न करता, कशाचा धागा कशाला बांधलाय आणि परिणाम किती उशिरा दिसतो, ते पाहणं. अमेरिकेत एमआयटी या तंत्रविद्यापीठात 'जे फॉरेस्टर' नावाच्या प्राध्यापकांनी 1950 च्या दशकात या विचाराच्या सिस्टिम डायनॅमिक्स या शाखेचा पाया घातला. त्यांचं एक निरीक्षण मला सारखं आठवतं : बदल घडवणारी कळ कुठं आहे हे लोकांना बहुतेक वेळा माहीत असतं, पण ते ती उलट्या दिशेने दाबतात. आम्ही पिवळ्या उसाला पाणी वाढवलं, ते याचंच उदाहरण.

ठिबकचंही तसंच होऊ शकतं. ठिबक चांगलंच आहे, मीही बसवलंय. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला तर नदीचं काय वाचलं? पाणी मोजल्याशिवाय बचतीला अर्थ येत नाही.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी. इथं मीठ फुटतंय, आणि त्याच कृष्णेचं पाणी टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांतून उचलून पूर्वेच्या दुष्काळी आटपाडी-जतकडे चाललंय. ते गेलंच पाहिजे, त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलाय. त्यांच्या चळवळीने समन्यायी वाटपाची मागणी लावून धरली, ती मला फार मोलाची वाटते. खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणात तर भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा धरला होता. आपल्याच जिल्ह्यात हे घडलंय. पण पूर्वेला पोचलेलं पाणी पुन्हा मोकाट सोडलं आणि उसाखालीच गेलं, तर वीस वर्षांनी तिकडच्या सखल, भारी रानातही असाच खड्डा काढावा लागेल.

म्हणून दिवसा लाइट हवी ही मागणी मला नुसत्या शेतकऱ्याच्या सोयीची वाटत नाही. ते जमीन वाचवण्याचं काम आहे. सौर वाहिन्यांतून ती येत असेल तर लवकर यावी, पण सोबत पाण्याला मीटरही यावा. नाहीतर फुकटची वीज रात्रीऐवजी दिवसा उपसत राहील, एवढाच फरक पडेल.

आता त्या तुकड्याचं. शेजारच्या शिरोळ तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून, सामुदायिक निचरा करून क्षारपड राने पुन्हा पिकाखाली आणलीत. तेच करायचं ठरवलं. पण एकट्याने होत नाही. आमच्या पाइपांचं पाणी ओढ्यात न्यायचं तर शेजारच्या तात्यांच्या रानातून न्यावं लागतं. विचारायला गेलो, तर तात्या म्हणाले, "तुझं खारं पाणी माझ्या रानातनं आन् पुढं वड्यात. खालच्या गावानं काय करायचं त्येचं?"

मला राग आला नाही. तात्यांनी नेमका प्रश्न विचारला होता. ते खारं पाणी पावसाळ्यातच, ओढा वाहता असताना सोडायचं, उन्हाळ्यात तोंड बंद ठेवायचं, एवढं तरी आम्ही करू शकतो, असं मी म्हणालो. मग दोघं ओढा बघायला गेलो.

आण्णा लहान असताना तो पंधरा पावलं रुंद होता म्हणे. आता एका उडीत पार होतो. दोन्ही काठांनी सगळ्यांनी बांध सरकवत आत आणलेत. कृष्णेला फुगवटा आला की पाणी याच वाटेनं रानात शिरतं आणि पूर ओसरल्यावर बाहेर पडायला त्याला जागा नसते. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर पाणी होतं, तेव्हा आम्ही सगळे खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दलच बोलत होतो. ओढ्याबद्दल कुणी बोललं नाही. आम्हीही नाही.

दिवाळीनंतर ओढ्याची हद्द मोजून घ्यायची ठरलंय. अकरा खातेदार तयार झालेत, तात्या त्यात आहेत. पहिला बांध आमचा मागे घ्यायचा. साडेतीन गुंठे जातील. आण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "मोजणीच्या दिवशी मला खुर्ची टाक तिथं."