आपल्याकडे ९ एमएमचा पर्यायच नाही
घराच्या संरक्षणासाठी कोणतं शस्त्र घ्यावं यावरच्या तुमच्या लेखात अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे सांगून ‘घरच्या संरक्षणासाठी ९ एमएम पिस्तूलच घ्या’ असं सरसकट लिहिलंय, ते मराठी वाचकाची दिशाभूल करणारं आहे. आपल्याकडे ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आहे, सामान्य माणसाला त्याचा परवाना मिळत नाही. उरतं काय, तर मुख्यतः .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, नाहीतर १२ बोअरची छर्ऱ्यांची बंदूक. शिवाय आधी परवाना, मग खरेदी. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो.

माझ्या वडिलांचं सोन्याचं दुकान होतं, म्हणून त्यांच्याकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर होतं. निवडणूक जाहीर झाली की ते फडक्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायचं, पावती आईच्या डब्यात. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत, पलीकडे शेजाऱ्यांची मुलं झोपलेली. गोळी सुटली तर ती फळी थोडीच अडवणार? वडील काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवायचे ते त्याच धास्तीने. लेखात बोअरवर एवढं लिहिलंय, पण भिंतीपलीकडच्या माणसांबद्दल एक ओळ नाही, हे मला फार खटकलं.