घंटीचा पंचम चढा आहे

परवा सकाळी पुण्यात जंगली महाराज रोडवर एका काकांनी मला सायकलवरून खाली उतरवलं. धक्का लागला म्हणून नाही, सिग्नल तोडला म्हणून नाही. माझी घंटी बेसूर आहे म्हणून. अजून डोक्यातून जात नाहीये, आणि घरी सांगितलं तर बायको आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "पण आहे का खरंच बेसूर?" त्यामुळे घरी दाद मिळायची आशा संपली.

बालगंधर्व रंगमंदिर ओलांडून डेक्कनकडे चाललो होतो, नीट सायकल ट्रॅकवरून. शेजारी एवढा रुंद फूटपाथ मोकळा पडलेला आणि काका ट्रॅकच्या बरोबर मधोमध. टोपी, कुठल्यातरी मॅरेथॉनचा टीशर्ट, हातात कापडी पिशवी, त्यातून शेपूची जुडी बाहेर आलेली. मी लांबूनच एकदा टिंग केलं, सभ्यपणे. काही नाही. जवळ जाऊन परत टिंग. तर ते थांबले. म्हणजे बाजूला नाही झाले, नुसते थांबले. मान जराशी तिरकी केली आणि मागे न बघताच हात वर केला.

"परत वाजवा."

"काका, जरा बाजूला होता का..."

"होतो हो. आधी परत वाजवा."

मी वाजवली. का वाजवली विचारू नका, पुण्यात वाढलेल्या माणसाला कुणी ठाम आवाजात सूचना केली की हात आपोआप हलतो.

"चढा आहे," काका वळून म्हणाले. "पंचम आहे, म्हणजे प, पण चढा आहे. कानाला टोचतो. कुठून घेतलीत?"

मी दुकान सांगितलं. त्यांनी चेहरा असा केला की जणू त्या दुकानाकडून त्यांची हीच अपेक्षा होती. मग पिशवी माझ्या हँडलला अडकवली. मला न विचारता. खिशातून मोबाईल काढला, तानपुऱ्याचं ॲप लावलं, काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून. सकाळी सातच्या आत, पीएमटीची बस (हो, आता पीएमपीएमएल, माहितीये) घरघर करत शेजारून चाललेली, आणि मोबाईलमधून तानपुरा. "आता वाजवा." टिंग. "बघा. काळी चार पाहिजे, ही काळी चार आणि पांढरी सहाच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतेय. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. चाळीस वर्षं पेटी वाजवतोय मी, लगेच कळतं."

मी म्हटलं, काका, सायकलची घंटी आहे हो.

"मग? सायकलच्या घंटीला सूर नसतो?"

ह्यावर काय बोलणार. तेवढ्यात त्यांचे फिरायला येणारे एक मित्र आले, मला वाटलं सुटलो. ह्यांनी त्यांना सगळा मामला समजावला आणि मला परत वाजवायला लावली. मित्र डोळे मिटून ऐकत राहिले, मग म्हणाले, "पंचम कसला? हा कोमल धैवत आहे. उतरलेला."

झालं. कोमल धैवत म्हणजे पंचमाच्या लगेच वरचा सूर. पुढची काही मिनिटं सायकल ट्रॅकवर चढा पंचम विरुद्ध उतरलेला धैवत अशी सभा भरली, आणि मी मधे सायकल धरून उभा, हँडलला शेपू, आणि "वाजवा", "थांबा", "आता वाजवा", "अहो सलग नका वाजवू, नाद विरू दे आधी" अशा हुकमांची अंमलबजावणी करतोय. मागून येणारी एक मुलगी हेडफोन लावून धावत आली, आमच्याकडे न बघता वळसा घालून निघून गेली. तिचा मला त्या क्षणी फार हेवा वाटला.

मग काका वाकले. नखाने घंटीच्या वाटीवर टकटक केलं, कान लावला, वाटीच्या काठावर बोट फिरवलं. "ह्याला उपाय आहे. वाटी उघडा, आतून काठाला चिमूटभर मेण लावा, सूर उतरेल. थोडं थोडं लावायचं. एकदम नाही. जलतरंगात पाणी घालतात की नाही?" हे मात्र बरोबर आहे, घरी येऊन लावून बघितलं, खरंच उतरतो. वजन वाढलं की वाटी सावकाश थरथरते. पण हे मी काकांना कधीच सांगणार नाही.

आणि इथे तो प्रकार झाला ज्याच्यामुळे मी अजून चिडलेलो आहे. जंगली महाराज रोड वनवे, त्यामुळे ज्यांना उलटं जायचं असतं ते सायकल ट्रॅकवरून जातात. तसा एक स्कूटरवाला समोरून आला, पायात दोन पोती, आणि त्याने लांबूनच हॉर्नवर अंगठा दाबून ठेवला. पॅंऽऽऽऽ असा एक सलग. कानाचे पडदे हलले. काका आणि मित्र दोघंही अक्षरशः क्षणात बाजूला. शेपूसकट, म्हणजे पिशवी हिसकावून घेऊन. धैवत नाही, पंचम नाही, मान तिरकी नाही, काही नाही. तो गेला. मी विचारलं, "काका, हा कुठला सूर होता?"

"तो हॉर्न होता हो," काका म्हणाले, मी काहीतरी मूर्खासारखं विचारल्यासारखं.

म्हणजे बघा. उलट्या दिशेने, जिथे यायचं नाही तिथे येऊन जो कानाशी बोंबलतो त्याला वाट, आणि आपल्या जागेवरून जाताना हळूच टिंग करणाऱ्याची परीक्षा.

आता ही घंटी आली कुठून ते. सायकल घेतली तेव्हा तिला घंटीच नव्हती. 30 हजाराच्या आसपासची सायकल, गियर आहेत, डिस्क ब्रेक आहेत, पाण्याची बाटली अडकवायची जागा आहे, घंटी नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, हायब्रिडला येत नाही साहेब, आजकाल कोणी लावत नाही. मग मी लहानपणच्या सायकलला असते ती लावून द्या म्हटलं, ती स्टीलची, 60-70 रुपयांची, ट्रिंग ट्रिंग करणारी. तर ती बसेना. जुन्या घंटीची पट्टी साधारण 22 मिलिमीटरच्या नळीसाठी असते आणि हल्लीचं हँडल मधे जवळजवळ 32 मिलिमीटर जाड. मुठीजवळ ते बारीक होतं, पण तिथे आधीच ब्रेकचा दांडा आणि गियरचा खटका दाटीवाटीने बसलेले, म्हणजे घंटी लावायची तर अंगठा कुठे ठेवायचा हा प्रश्न.

ती जुनी घंटी काय सुंदर यंत्र आहे पण. कधी वाटी काढून आत बघितलंय? अंगठ्याने दांडा ओढला की दातेरी चाकं फिरतात, त्यांच्यावर एक पट्टी गरगर फिरते, पट्टीच्या टोकांना दोन सैल चकत्या, त्या वेगामुळे बाहेर फेकल्या जातात आणि वाटीच्या आतल्या उंचवट्यांवर आपटतात. म्हणून ती एकदा ट्रिंग म्हणून गप्प बसत नाही, ट्र्र्र्रिंग अशी बडबडते. आत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकायचा, वरचा स्क्रू फार आवळायचा नाही, फार आवळला की वाटी गुदमरते आणि ठक् असा आवाज येतो. शाळेत आमच्या स्टँडवरून ह्या वाट्या चोरीला जायच्या. सायकल नाही, हवा भरायचा पंप नाही, फक्त वाटी, वरचा स्क्रू हाताने फिरवला की निघते म्हणून. शहाणी पोरं वाटी काढून दप्तरात घेऊन वर्गात जायची, आणि गणिताच्या तासाला कुणाचं तरी दप्तर पडलं की टण्ण. असो.

तर दुकानात मग बाकीचे पर्याय निघाले. एक रबरी फुग्याचा पोंगा, भ्वॉक करणारा, तो बघूनच नको वाटला. एक इलेक्ट्रिक, सेलवर चालणारा, त्यात बरेच आवाज, पोलीस सायरन, अँब्युलन्स, आणखी कसले कसले. दुकानदाराने अँब्युलन्स लावून दाखवली आणि म्हणाला, हा लावा, पब्लिक बाजूला होतं. मी म्हटलं, खऱ्या अँब्युलन्सला तरी कोण होतंय बाजूला? तो हसला नाही. आणि शेवटी काचेच्या कपाटातून, जपून, फडक्याने पुसून, एक पितळी घंटी काढली. 850 रुपये. एकच छोटी स्प्रिंगवाली हातोडी, बोटाने टिचकी मारायची, टिंऽऽऽग, आणि तो नाद नुसता रेंगाळतो. ॲल्युमिनियमची टिक् म्हणून मरते, पितळ रेंगाळतं. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून खाली घातला, घट्ट बसवली. मी दुकानातच चार-पाचदा वाजवली. फार छान वाटलं.

छान वाटलं आणि फसलो असं नाही म्हणणार मी, घंटी उत्तमच आहे. रस्ता तिच्या लायकीचा नाही. एक तर असा बारीक उंच आवाज नक्की कुठून आला ते माणसाला पटकन कळत नाही, म्हणून लोक टिंग ऐकून डावीकडे बघतात आणि उजवीकडे सरकतात, म्हणजे थेट माझ्या चाकाखाली. दुसरं, गाडीवाल्यांना ती ऐकूच येत नाही, काचा वर, एसी चालू, गाणी चालू, तिथे माझ्या टिंगचं काय होणार. जे उरले ते कानात ती पांढरी बोंडं घालून फिरणारे. म्हणजे ऐकू जाणार फक्त दोन जातींना, कुत्री आणि पेटीवाले काका. कुत्री निदान पळतात.

2021 साली नाशिकच्या एका कार्यक्रमात नितीन गडकरी म्हणाले होते की गाड्यांच्या हॉर्नला भारतीय वाद्यांचेच आवाज असावेत असा कायदा करायचा विचार आहे, बासरी, तबला, व्हायोलिन, पेटी वगैरे. तेव्हा मला फार आवडलं होतं ते. आता भीती वाटते. म्हणजे उद्या युनिव्हर्सिटी चौकात चारशे गाड्या अडकल्या आणि सगळ्यांनी एकदम पेटी दाबली, वेगवेगळ्या पट्टीत, तर काकांचं काय होईल?

आणि विनोद बाजूला ठेवून सांगतो, वैताग येतो हो. हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं म्हणून अजून भाषणात सांगतात. सायकलला बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस धरायचे, डबलसीट दिसली की धरायचे, म्हणजे सायकल हे वाहन आहे असं निदान शिक्षा करण्यापुरतं तरी मान्य होतं. 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, त्यात आठशेच्या वर किलोमीटरचे ट्रॅक आहेत. आराखड्यात आहेत. मला रोज जे मिळतात त्यात मधेच विजेचा डीपी बॉक्स, मधेच झाड, मग कुणाची तरी चारचाकी, मग भेळेची गाडी, आणि मग ट्रॅक संपतो, कुठलीही सूचना न देता, थेट गटाराच्या झाकणापाशी. तिथे कुणासाठी टिंग करू? झाडासाठी?

आमच्याकडे दूध घालायला एक दादा येतात, त्यांची सायकल अशी भन्नाट जाते की बघत राहावं, गर्दी आपोआप फाटते. मी त्यांना विचारलं, तुमची घंटी कुठली? ते म्हणाले, "मला कशाला घंटी, किटल्या वाजतात की." आणि खरंच, हँडलला घंटीच नाही. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या मोठ्या किटल्या, त्यांच्या कड्या, आत माप हेलकावे खातंय, खडाड खडाड. लोकांना तो आवाज ऐकला की काहीतरी जड, धातूचं आणि ताबा सुटलेलं मागून येतंय असं वाटत असणार, मग कोण थांबतंय सूर तपासायला.

तर रविवारी दुपारी पान्हा घेऊन बसलो आणि मागच्या मडगार्डचा एक नट अर्धा फेरा ढिला केला. सोमवारी त्याच रस्त्याने गेलो. प्रत्येक खड्ड्याला खडखड खडखड, आणि खड्डे काय कमी आहेत का. लोक मागे न बघता बाजूला. एक आजोबा तर टुणकन फूटपाथवर चढले आणि तिथून काळजीने ओरडले, "ओ, मडगार्ड वाजतंय तुमचं!"

"हो हो, मुद्दामच!" म्हटलं, आणि पायडल मारत सुटलो.